पेटीवरची गळती

उन्हाळ्याचा नकाशा यायचा त्या दिवशी सावखडीत कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. होळीची राख थंड झाली की तो प्रत्येकाच्या फोनवर येऊन पडायचा. खाली तापीकाठची सपाटी, वर सातपुडा, आणि प्रत्येक गावावर आठवड्याआठवड्याचा एक रंग. डोंगरात हिरवा, उतारावर पिवळा आणि खाली नुसता लाल. कुणीतरी नकाशावर तिखटाचा डबा उपडा केल्यासारखा.

लाल आठवडा म्हणजे लग्न नाही, बाजार नाही, उघड्यावर चार माणसांनी जमायचं नाही. कायदाच होता तसा, आणि उगाच नव्हता. एका उन्हाळ्यात भर वरातीत माणसं पटापट आडवी झाली होती. ते बघितल्यावर कायद्याला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

पण त्या कायद्यात आखाजी गेली. वैशाखातला लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येणार, लिंबाला झोके बांधणार, खापरावरचे मांडे आणि आमरस हाणणार, आणि मग खरी मजा: पांझरी नदीच्या कोरड्या पात्रात अल्याड सावखडीच्या बाया, पल्याड बोरटेकच्या बाया, समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना पोटभर शिव्या देणार. वर्षभरात सासूला, नवऱ्याला, नणंदेला जे बोलता आलं नाही ते सगळं समोरच्या काठावर फेकायचं आणि हलकं होऊन घरी यायचं. वैशाख लाल, म्हणून तीन वर्षं झोका नाही, लेकी नाहीत, शिव्या नाहीत.

आणि या वर्षी नकाशा आला तो सावखडी हिरवी!

आजूबाजूला सगळं लालभडक, मधे सावखडीचा एकच हिरवा ठिपका. आर्वी फेगडेच्या आईने फोन तीनदा पुसून बघितला. मग डोंगरातल्या तोरणपाड्याला, थोरल्या लेकीला फोन लावला आणि ओरडली, "पूर्वा! हिरवा आलाय गं! बॅग भर!"

पूर्वाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. सहा महिन्यांचं बाळ होतं, त्याला आजीने फक्त फोनच्या काचेत बघितलेलं. हिवाळ्यात शेतातून सवड नाही, आणि उन्हाळ्यात वर जावं तर डोंगराचा पास मिळत नसे. सपाटीवरचा जो तो वर पळायचा, म्हणून वरच्या लोकांनी नाकी लावली होती. तर आता लेक खाली येणार होती. आईने त्याच संध्याकाळी माळ्यावरून झोक्याचा दोर काढला.

सरपंच प्रल्हादअप्पांचं तर वेगळंच चाललं होतं. सगळ्या तालुक्यात हिरवं गाव एकच, त्यामुळे लग्नं धावत यायला लागली. अप्पा मिशीवर हात फिरवत सांगत, "देवाचीच कृपा म्हणा. आपली हवाच वेगळी."

आर्वी सतरा वर्षांची होती. दहावीत शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, सरांनी फेकलेला डस्टर तिने झेलला आणि परत फेकला, आणि तिचा नेम चांगला होता. तेव्हापासून एका जागी बसणं तिला जमलं नव्हतं. पाडव्यानंतर तिला हवाकेंद्राचं काम मिळालं. पाच गावांतल्या हवेच्या पेट्या पुसायच्या, धूळ झाडायची, कोळ्याची जाळी काढायची. तिची फटफटी विजेवर चालायची, आणि तिचं डोकंही, असं आई म्हणायची.

पेटी म्हणजे खांबावरचं पांढरं डबडं, चारी बाजूंनी फटी, आत थर्मामीटर, वारा आणि दमटपणा मोजायची यंत्रं, बाहेर एक लुकलुकता दिवा. काम शिकवताना केंद्राच्या पावरा मॅडम म्हणाल्या होत्या, "आर्वी, अमुक दिवशी ऊन किती पडेल हे दोन महिने आधी कुणालाच सांगता येत नाही. आकाश तेवढं शिस्तीचं नाही. पण काही गोष्टी हळू चालतात. समुद्र हळू तापतो. जमिनीतली ओल हळू जाते. डोंगरावरचं जंगल एका रात्रीत वाढत नाही. या हळू गोष्टी धरून केंद्रातलं मोठं यंत्र अख्ख्या उन्हाळ्याचा कल सांगतं. आणि प्रत्येक गावाचा स्वभाव वेगळा असतो ना? तो यंत्राला पेटी शिकवते. गेल्या उन्हाळ्यात पेटीने जे सांगितलं, त्यावर यंदाचा रंग ठरतो."

"म्हणजे पेटी खोटं बोलली तर?" आर्वीने विचारलं होतं.

"पेटी कशाला खोटं बोलेल? तिला कुठे नातेवाईक आहेत?"

आर्वीने आधी बाहेरगावच्या चार पेट्या पुसल्या. आपल्या गावचीच तेवढी राहिली. घरचीच आहे, कुठे पळून चाललीय, असं म्हणत तिने ती आखाजीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत ढकलली. मग एका दुपारी वैतागत गेली.

सावखडीची पेटी महादेवाच्या देवळामागे, शेवंताकाकूंच्या अंगणात होती. काकू एकट्या राहायच्या, पण अंगणात गर्दी असायची. चिमण्यांना पाणी, खारींना दाणे, तुळशीवर गळती. गळती म्हणजे तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं. भोकात चिंधीची वात, वातीतून थेंब थेंब पाणी. उन्हाळाभर पिंडीवर, तुळशीवर टांगतात, देवाला गारवा म्हणून.

आर्वी अंगणात शिरली आणि जागीच थांबली.

दुसरी गळती पेटीवर टांगलेली होती. पेटीला चारी बाजूंनी पांढरं धोतर गुंडाळलेलं. थेंब टपटप पडत होते, धोतर ओलंचिंब होतं, आणि आत बसलेल्या थर्मामीटरला महाबळेश्वर लागलं होतं.

"काकू, हे काय?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "गळती गं. उन्हात उभं असतं बिचारं दिवसभर. हात लावून बघ, चटका बसायचा. रात्री डोळा लुकलुकतो त्याचा. जीव आहे त्यात."

"गेल्या वर्षी पण होती?"

"पाडव्यापासून वैशाखी पुनवेपर्यंत. एक दिवस खंड नाही. सकाळी भरते, दुपारी भरते. रात्री उठवत नाही बाई मला, मग कोरडं पडतं."

आर्वीच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. घरातला कूलर चालतो तस्संच. ओल्या वाळ्यातून गरम हवा आत येते आणि गार होते. अंगावरचा घाम सुकताना गार वाटतं, तेच. अख्खा उन्हाळा पेटी कूलरमध्ये बसली होती आणि यंत्राला सांगत होती, सावखडीत काय मस्त हवा आहे! हिरवा रंग काकूंच्या मडक्यातून टपकला होता.

आणि त्या रंगावर भरवसा ठेवून भर वैशाखात लग्नं यायची होती. हजारभर माणूस उघड्यावर जमायचं होतं. पूर्वा बाळ घेऊन निघायची होती.

तिचा भडका उडाला. "काकू, अक्कल गहाण ठेवलीय का? माणसं मरतील ना!" आणि हातातलं फडकं टाकून तिने दगड उचलला. नेम चांगलाच होता. मडकं फुटलं, पाणी भसकन खाली आलं.

काकू खाली बसून खापऱ्या गोळा करायला लागल्या. एक हातात घेऊन म्हणाल्या, "त्यांच्या हातचं होतं. भोक त्यांनीच पाडलेलं." काका जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आर्वीला वाटलं आता काकू ओरडतील, मग आपणही ओरडू आणि मोकळं होऊ. पण काकू ओरडल्याच नाहीत. ती तशीच पाय आपटत घरी गेली.

घरी आई आणि पूर्वा फोनवर होत्या.

"ताई, एक सांगायचंय," आर्वी म्हणाली.

"थांब, आधी हे बघ!" पूर्वाने फोन बाळाकडे वळवला. बाळाला नवं झबलं घातलं होतं. "आजीकडे जायचंय म्हणून आत्तापासून नटलंय येडं. ए आर्वे, झोका मजबूत बांध हं. आणि शिव्यांची तयारी कर. तीन वर्षांचा साठा आहे माझ्याकडे. सासूबाईंच्या एकटीच्याच दोन पोती."

आई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तीन वर्षांत आईला असं हसताना आर्वीने बघितलं नव्हतं. सांगितलं की हे हसू जाणार. नाही सांगितलं तर... तेवढ्यात बाळाने मान वर केली. गळ्याच्या वळीत घामोळं उठलं होतं, लालेलाल. डोंगरात, हिरव्या गावात, एवढ्याशा उकाड्याने.

आर्वी उठली, मागच्या दारी गेली आणि केंद्राला फोन लावला.

सगळं सांगून झालं तसा फोनमधून घुसमटल्यासारखा आवाज आला. मॅडम हसत होत्या.

"हसता काय मॅडम? इथे माझी वाट लागलीय!"

"अगं, आम्ही सगळे डोकं खाजवत होतो. आजूबाजूच्या पेट्या तापलेल्या आणि तुमचीच गार कशी? यंत्राने त्याचंही उत्तर काढलं होतं. तुमचं गाव पांझरीच्या खिंडीच्या तोंडाशी आहे. डोंगराच्या तोंडाशी असलेल्या गावाला गार वारा मिळतो, हे आम्हीच त्याला शिकवलंय. त्याला पटलं. आम्हालाही पटलं." मग त्यांचा आवाज बदलला. "बरं केलंस सांगितलंस. ओल्या वेळेला दमटपणा एकदम चढलेला असणार, तेवढे तुकडे मी कापून काढते आणि परत चालवते. पण तयारी ठेव. लाल येईल."

सकाळी त्यांचाच फोन आला. आखाजीच्या आठवड्याला लाल आलं होतं.

"अख्खा आठवडा?"

"अख्खा आठवडा."

आर्वीचं डोकं परत फिरलं. "रात्री पण लाल? पहाटे पण लाल? चोवीस तास एकच रंग? भिंत रंगवताय का तुम्ही? काकूंची गळती रात्री कोरडी पडायची, तेव्हा तर पेटी खरंच बोलत होती ना? तेव्हाचं काय आहे ते तरी बघा की!"

एवढं बोलून ती फोन आपटणारच होती, पण पलीकडून मॅडम म्हणाल्या, "थांब. फोन ठेवू नकोस."

टकटक बटणं वाजत राहिली. बराच वेळ.

"आर्वी," मॅडम हळूच म्हणाल्या, "यंत्राची निम्मी गोष्ट खरी होती."

मग त्यांनी समजावलं. दिवस मावळला की डोंगराचे उतार आधी थंड होतात. त्यांना टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळते. ओहोळातून नाल्यात, नाल्यातून खिंडीत जमते, आणि पहाटेच्या सुमाराला खिंडीच्या तोंडातून नदीसारखी बाहेर पडते. पांझरी उन्हाळ्यात कोरडी असते खरी, पण पहाटे तिच्या पात्रातून वाऱ्याची नदी वाहते. गावात घरं आडवी येतात म्हणून तिथे तिची नुसती झुळूक पोचते. पात्रात ती पूर्ण असणार.

"मग आजवर सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही गं. सरकारला आठवड्याला एक रंग हवा असतो, आम्ही देतो. तासाचे आकडे असतात, कुणी उघडत नाही. मी तासांचा रंग लिहून देऊ शकते. पहिल्या कोंबड्यापासून ऊन नदीत उतरेपर्यंत हिरवा. पण दोन गोष्टी. पेटी आखाजीपर्यंत कोरडी राहिली पाहिजे, म्हणजे मला खात्री करता येईल. आणि वारा येईलच असं नाही. दहात सात वेळा येतो."

"उरलेल्या तीन वेळा?"

"तेव्हा लोकांना लगेच घरी पाठवायचं. हे काम तुझं. जमेल?"

"हाकलायला मला चांगलं जमतं," आर्वी म्हणाली.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. आर्वीने गळतीपासून सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. समजलं तेव्हा प्रल्हादअप्पा उठले.

"ए पोरी, दहावी नापास तू, आणि गावाचा रंग बदलतेस? लग्नवाल्यांना काय तोंड दाखवू मी?"

"मी नापास नाही, अप्पा. मी परीक्षाच दिली नाही. आणि तोंडाचं म्हणाल तर भर दुपारी मांडवात बसा, आपोआप रंग बदलेल त्याचा."

पोरं फिदीफिदी हसली. अप्पा लाल झाले. आई खाली बघत होती. मांडीवर झोक्याचा दोर, त्याच्याशी बोटं चाळा करत होती. ही आखाजी पण गेली, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मागून शेवंताकाकू उभ्या राहिल्या. आर्वीने मान वळवली. फुटलेल्या मडक्यानंतर ती त्यांच्या दारावरून गेलेली नव्हती.

"म्हणजे माझ्या पाण्यापायी लेकरंबाळं उन्हात बसली असती?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"आणि पहाटे नदीत वारा येतो म्हणतेस."

"येतो. बहुतेक."

काकूंनी सगळ्यांकडे बघितलं. "मग रडताय काय असे? मांडे रात्रीच भाजायचे. पहाटे नदीत जायचं. अप्पा, लग्नाचे मुहूर्त पहाटेचे काढा. भटजींना काय, सांगाल तो काढतात." मग आर्वीकडे बोट केलं. "आणि ही माझ्या अंगणात झोपेल. माझा भरवसा नाही. सवय आहे हाताला, उठून पाणी घालायचे मी."

त्या पंधरा दिवसांत आर्वी काकूंच्या अंगणात खाट टाकून झोपली. पहिल्या सकाळी तिने बाजारातून नवं मडकं आणून ओट्यावर ठेवलं. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी काकू तांब्या घेऊन पेटीकडे निघाल्याच होत्या. आर्वी खाटेवरून ओरडली, "काकू!"

"तुळशीला गं, तुळशीला!"

"तुळस तिकडे आहे!"

आखाजीच्या आदल्या दिवशी मॅडमचा तासांचा रंग आला: पहाट हिरवी. संध्याकाळी ऊन कलल्यावर पूर्वाची जीप घाट उतरायला लागली. मध्यरात्र उलटल्यावर ती दारात आली तेव्हा घरात खापर तापलेलं होतं, आईच्या हातावर मांडा होता. आईने तो तसाच खापरावर टाकला आणि धावली. मांडा करपला. बाळाने आजीकडे बघितलं, तिचं नाक धरलं आणि सोडलंच नाही.

पहिला कोंबडा आरवला तशी माणसं कंदील, बॅटऱ्या घेऊन पात्रात उतरली. काठच्या थोरल्या लिंबाची फांदी पात्रावर आडवी आलेली, तिला झोका बांधला. पल्याड बोरटेकच्या बाया जमल्या. त्यांच्याही तीन वर्षांच्या शिव्या साठलेल्या.

पण हवा हलेना. वाळू दिवसभराची तापलेली, पायाखालून धग मारत होती. माणसं पदराने वारा घेत होती. कुणीतरी म्हणालं, "कुठाय गं तुझी वाऱ्याची नदी?" कुणीतरी म्हणालं, "नदीचं पाणी जसं गेलं तसा वारापण गेला असेल." अप्पा काठावर खुर्ची टाकून बसले होते. ते मिशीवर हात फिरवत होते, आणि त्याचंच आर्वीला जास्त लागलं.

बाळ किरकिरायला लागलं. पूर्वाने त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आर्वीने आईकडे बघितलं, मग खिंडीकडे. काळाकुट्ट डोंगर, काही नाही. दहातले तीन, ती मनात म्हणाली. आज नेमके ते तीन. तिने घशात आवाज गोळा केला. हाकलायचं काम तिचं होतं.

"चला," ती म्हणाली, "सगळ्यांनी घरी..."

आणि झोका हलला.

त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. रिकामाच होता. जरासा पुढे गेला, मागे आला. परत पुढे. कंदिलांच्या ज्योती एकदम खाली वाकल्या. मग पायांना लागलं, आधी घोट्यांना, मग पोटऱ्यांना. वारा वाळूवरून सरपटत आला, मोहाच्या पानांचा वास घेऊन, आणि बघता बघता कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत चढला. लुगडी फडफडली. बाळाचं जावळ उभं राहिलं. त्याने रडायचं थांबवलं आणि तोंड उघडून तो वारा प्यायलाच सुरुवात केली.

"माय माय माय!" आई म्हणाली.

मग जो काही कल्ला झाला! पोरी झोक्यावर तुटून पडल्या. पूर्वा पहिली चढली. "जोरात दे गं आर्वे, हातात जीव नाही का? पेट्या पुसून पुसून मेंगळटलीस!" आर्वीने असा झोका दिला की पूर्वा किंचाळली. आमरसाची पातेली फिरली. अप्पांनी खुर्ची उचलून पार पात्राच्या मधोमध आणून ठेवली. "मी म्हणत होतोच," ते म्हणाले, "आपली हवाच वेगळी."

आणि पल्याडहून बोरटेकच्या बायांनी सुरुवात केली. एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई पुढे आली, कमरेवर हात ठेवून ओरडली, "ओ सावखडीच्या शहाण्यांनो! पेटीला अंघोळ घालणाऱ्यांनो! पावडर, काजळ लावलं की नाही तिला?"

पल्याड हशा फुटला. आर्वी पुढे सरसावली. तीन वर्षं ती याची वाट बघत होती. तिने छातीत हवा भरली. पण कुणीतरी तिला बाजूला सारलं.

शेवंताकाकू. ज्यांच्या तोंडून गावाने कधी 'मेला' हा शब्द ऐकला नव्हता, त्या. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"अगं ए बोरटेकच्या भवान्यांनो! आम्ही पेटीला तरी अंघोळ घालतो! तुम्ही नवऱ्यांना घालत नाही, वारा डोंगराकडून येतोय तरी त्यांचा वास आडवा येतोय!"

दोन्ही काठांवर असा हशा उसळला की पल्याडची ती ठेंगणी बाईसुद्धा वाळूत बसली. पूर्वा झोक्यावरून पडता पडता राहिली. आर्वीची छातीत भरलेली हवा हसण्यातच गेली.

पूर्वेकडे फटफटलं, मग लिंबाच्या शेंड्याला ऊन लागलं. आर्वी खडकावर चढून ओरडायला लागली, "चला, आटपा! ऊन नदीत उतरायच्या आत घरी! अप्पा, खुर्ची उचला!" लोक कुरकुरत, हसत, ताटल्या गोळा करत चढ चढायला लागले. आईच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं, एक मूठ आजीच्या पदरात.

शेवंताकाकूंनी चढावर आर्वीचा हात धरला. दम लागला होता, पण डोळे चमकत होते.

"काय गं," त्या म्हणाल्या, "आता दिवस तापणार. पाणी नको घालू म्हणतेस तर राहिलं. पण त्या पेटीला निदान एखादी छत्री..."

"काकू!"

"बरं बाई. विचारलं नुसतं."